तीन पुस्तकं आणि कडू भाकरी

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी 'मला घडवणारी पुस्तकं' या विषयावर लिहून द्या, असा निरोप आला, तेव्हा आमच्या संघटनेच्या कचेरीतल्या मंडळींनी माझ्या वतीनं नावं ठरवूनच टाकली. सगळी जाडजूड, लाल पुठ्ठ्याची, दुनियेचा हिशेब एका दमात मांडणारी. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, मी कुत्र्यांच्या पुस्तकांवर लिहिणार आहे.

आण्णा आमच्यातले सगळ्यात जुने कार्यकर्ते. पत्रक कसं लिहायचं ते मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या ओळीत थप्पड, शेवटच्या ओळीत मूठ, हे त्यांचं सूत्र. त्यांनी बशी खाली ठेवली.

"कसली पुस्तकं?"

"कुत्री शिकवायची. ती कशी वागत्यात आन का वागत्यात त्याची."

"बरा हाईस न्हवं तू?"

"दमलोय. पर बरा हाय."

कचेरीसमोरच्या कडुनिंबाला फुलोरा आलाय. खाली सायकली लावतात, त्यांच्या सीटवर पांढरा भुसा पडतो. या झाडाचा वास असा गोड की मधाची बाटली कुणीतरी उघडी ठेवलीय असं वाटावं, आणि पान तोंडात घातलं तर घसा आवळून येतो. पाडवा दोन-चार दिवसांवर आला की हा वास गल्लीभर पसरतो. लोक गुढीला बांधायला डहाळ्या तोडून नेतात. मी खिडकीत बसून बघतो आणि मला दरवर्षी एकच गोष्ट आठवते. भाकरीचा तुकडा, त्यात कालवलेला हिरवा पाला, आणि ती भाकरी खायला शेपूट हलवत येणारं एक भुऱ्या रंगाचं कुत्रं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. तोंड बांधून ठेवलेलं माणूस सुटल्यावर जसं बोलेल तसे आम्ही बोलत होतो, म्हणजे फार. मी तेव्हा कॉलेज अर्धवट टाकलेला. ऊसतोड मजुरांच्या मुलांना शाळा द्या, कोप्यांपाशी पाण्याचा नळ द्या, बाळंतिणीला रजा द्या, अशी पत्रकं लिहायची, ती कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दिलावरच्या छापखान्यात छापायची आणि सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून कागलच्या रस्त्याला लागायचं. तिथं एका साखर कारखान्याच्या पाठीमागे माळावर बीडकडच्या टोळ्या उतरायच्या. दिवाळीनंतर यायच्या आणि चैत्र-वैशाखात, ऊस संपला की जायच्या. उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या, त्यांना कोप्या म्हणायचे, टायरगाड्या, बैल, आणि प्रत्येक गाडीमागं एक तरी कुत्रं.

या कुत्र्यांचा मला आधी पत्ताच नव्हता. पत्रकात त्यांचा उल्लेख नव्हता ना.

पहिल्या दिवशी मी सायकल उभी केली, गठ्ठा काखेत मारला, छाती पुढं काढली आणि कोप्यांकडं निघालो. अर्ध्या वाटेवर सगळा माळ भुंकायला लागला. मी उभा राहिलो, हात उगारला, ओरडलो. मग जे व्हायचं तेच झालं. पत्रकं वाऱ्यावर आणि मी उसाच्या पट्टीत. बाहेर आलो तेव्हा धोतर नव्हतं म्हणून बरं, पायजम्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत फाटलेला. कोपीच्या तोंडाशी बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यातली एक उठली. कडेवर लेकरू, कपाळावर काजळीचा पट्टा. कारखान्याच्या चिमणीतून सदा काळी राख पडायची, ती सगळ्यांच्याच कपाळावर असायची.

"मास्तर, कशापायी पळता? पळल्यावर ते लागणारच की माघं."

"मी मास्तर न्हाय."

"कागदं घिऊन आलात म्हणून म्हणलं. पोलीस असता तर काठी असती."

तिचं नाव कौसा. ही ओळख अशी झाली. माझी पत्रकं तिनं आणि तिच्या शेजारणींनी गोळा केली आणि कोपीच्या पाचटात जिथं फटी होत्या तिथं नीट घड्या करून कोंबली. पुढे सबंध हंगाम मी माझं लिखाण तिथं बघत होतो. थंडी अडवायला चांगलं होतं.

ही हकिगत मी दिलावरला सांगितली. दिलावरचं ट्रेडल मशीन त्याच्या वडिलांच्या वेळचं. तो छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवताना बोलायचा आणि बोलताना जुळवायचा, त्यामुळं आमच्या पत्रकात कधीकधी त्याचीही वाक्यं शिरायची. तो हसला नाही. मशीनच्या मागं रद्दीचा ढीग होता, त्यात हात घालून त्यानं एक पुठ्ठा नसलेलं इंग्रजी पुस्तक ओढून काढलं. पहिली आठ-दहा पानंही गेलेली.

"हे बग. रद्दीत आलंय. कुत्र्यांची चित्रं हाईत. तुझ्या कामाचं."

"मला क्रांती करायची हाय, कुत्री न्हाईत पाळायची."

"आधी कोपीपतोर तर जा की लेका, मग कर क्रांती."

ते माझं पहिलं पुस्तक. लेखकाचं नाव गेलेल्या पानांबरोबर गेलं. कुणीतरी लष्करातला गोरा असावा, कारण सगळं पुस्तक हुकमासारखं होतं. वाक्यं आखूड, शब्द सोपे. माझं इंग्रजी लंगडं, तरी शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते चार रात्रींत नव्हे, चार आठवड्यांत वाचलं. अनोळखी कुत्र्यासमोर कसं उभं राहायचं याचं त्यात एक प्रकरण होतं. समोरासमोर उभं राहू नये, कडेला वळून उभं राहावं. डोळ्यात डोळे घालू नयेत. हात वर करू नये, बोट दाखवू नये. आवाज चढवू नये. जमलं तर खाली बसावं आणि वाट बघावी.

मी हे बिंदू चौकातल्या ओट्यावर बसून वाचत होतो. समोर सभेचं व्यासपीठ बांधायचं काम चाललेलं. वाचता वाचता मला घाम फुटला. कारण त्या प्रकरणात जे जे करू नये म्हणून लिहिलं होतं, ते ते आण्णांनी मला भाषण शिकवताना कर म्हणून सांगितलं होतं. ताठ उभा राहा, डोळ्यात डोळे घाल, बोट दाखव, आवाज चढव. आम्ही माणसांवर जे करत होतो ते कुत्र्यावर केलं असतं तर चावे खाऊन मेलो असतो. माणसं सभ्य, म्हणून नुसती उठून जायची.

पुढल्या खेपेला मी गठ्ठा सायकलवरच ठेवला. कोप्यांपासून लांब, वळून, खाली बसलो. कुत्री आली. भुंकली, फिरली, हुंगली. एक भुऱ्या रंगाचं, कान तुटलेलं, जवळ येऊन माझ्या चपलेवर बसलं. कौसा लांबून बघत होती.

"आज काय झालं, देव पावला का काय?"

"पुस्तकात लिहिलंय."

"बाई बाई. कुत्र्याचं बी पुस्तक असतंय."

तेच भुऱ्या. तो कौसाचा. टायरगाडीच्या आसाखाली, दोन चाकांच्या मध्ये जी सावली पडते तिथं तो चालायचा. गावाकडून इथवर तो तसाच आला होता, गाडी चालेल तसा, ना पुढं ना मागं. उसाच्या फडात गाडी सोडली की त्याच आसाला लुगड्याची झोळी बांधायची, झोळीत लेकरू घालायचं आणि खाली भुऱ्या बसायचा. कौसा आणि तिचा नवरा ऊस तोडत पार लांब जायची. उसात कोल्हे असतात. मागल्या हंगामात शेजारच्या टोळीतल्या एका लेकराला कोल्ह्यानं ओढलं होतं. त्या बाईविषयी कुणी फार बोलायचं नाही. ती या हंगामाला आली नव्हती. भुऱ्या होता म्हणून कौसाचे दोन्ही हात कोयत्याला मोकळे होते. टोळीच्या मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. एक हात लेकरापाशी राहिला की कोयता अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभा करत नाही. एवढं सगळं त्या तुटक्या कानाच्या कुत्र्यावर टांगलेलं होतं.

दुसरं पुस्तक मराठी. पातळ, गुळगुळीत कागदाचं, संस्थानच्या काळात जनावरांचे डॉक्टर असलेल्या एका गृहस्थांनी पदरमोड करून छापलेलं. शेवटच्या पानावर म्हशींच्या औषधाची जाहिरात. कुत्र्याला ते श्वान म्हणत आणि मालकाला धनी. भाषा अशी की वाचताना आपण अंगरखा घातलाय असं वाटायचं. पण माणूस जाणता होता. त्यांचं म्हणणं, आज्ञा एकदाच द्यावी. दुसऱ्यांदा दिली की ती विनंती होते आणि तिसऱ्यांदा दिली की रडगाणं. मी या वाक्याशी बरेच दिवस भांडलो. आमच्या मोर्चात एकच घोषणा दसरा चौकापासून कलेक्टर कचेरीपर्यंत शेकडो वेळा दिली जायची. आतले साहेब ती ऐकत फायलीवर सह्या करायचे. घोषणा संपली तर ते मान वर करून बघायचे, काय झालं म्हणून.

तिसरं पुस्तक मी चोरलंय, असं वाचनालय म्हणू शकतं. मी म्हणतो, माझ्याकडं राहिलंय. माझ्याआधी ते कुणी नेलेलंच नव्हतं. परदेशातल्या एका बाईनं लिहिलेलं. तिनं कुत्र्यांना काही शिकवलं नाही. ती नुसती अंगणात बसून वर्षानुवर्षं बघत राहिली. तिनं काय काय टिपलंय. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश असेलच असं नाही. कुत्रं जांभई देतं ते झोप आली म्हणून नव्हे, पुष्कळदा अवघडून गेलं म्हणून देतं. ते वाचल्यापासून मी सभेत जांभया देणाऱ्यांवर चिडायचं सोडलं.

शिमगा झाला आणि कारखान्याच्या कॉलनीत गडबड सुरू झाली. माळावरची कुत्री संध्याकाळी कॉलनीत शिरायची, एका घरच्या मुलाला चावली. त्या पोराला पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. माळावरच्या कुत्र्यांना विष घालायचं असं कॉलनी कमिटीत ठरलं. कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे त्या पोराचे वडीलच. मी त्यांच्याकडं नवं पत्रक घेऊन गेलो. 'माणसाला पाणी नाही, कुत्र्याला विष!' असं मथळ्यात. त्यांनी मला व्हरांड्यात बसवलं, सरबत दिलं. पत्रक वाचलं आणि घडी घालून माझ्याच हातात परत दिलं.

"बसा पावणं. तुम्ही तरुण आहात, लिहिता झकास. पर माझं पोर रोज सकाळी सुई बगून ओरडतंय, ते तुम्ही ऐकलंय का?"

"न्हाय."

"मग?"

"साहेब, सगळीच कुत्री चावरी नसत्यात. कोपीवरच्या बायका त्यांच्या जिवावर लेकरं टाकून जात्यात."

"हे मी कमिटीला सांगू? कमिटी म्हणणार, लेकरं घेऊन या म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं." ते थांबले आणि त्यांनी मोठी जांभई दिली. भर दुपारी, ताठ बसलेल्या माणसानं. मी बघत राहिलो. "पाडव्यापर्यंत काही करणार न्हाय. सणासुदीला अपशकुन नको असं बायका म्हणत्यात. पाडवा झाला की लाडू टाकणार."

लाडू कसले, ते दोघांनाही ठाऊक होतं. सण झाल्यावर मारायचं, ही आमच्याकडची दया. मला तेव्हा असा संताप आला की पायरी उतरताना माझ्या हातातलं पत्रक मीच फाडलं. आज तो संताप आठवतो, पण अंगात येत नाही. खिडकीतून धूर बघावा तसा तो लांब दिसतो.

त्या लष्करी पुस्तकाच्या शेवटाकडे एक प्रकरण होतं. परक्याच्या हातचं न खाण्याचं शिक्षण. पहाऱ्याच्या कुत्र्यांना शत्रूनं विष घालू नये म्हणून. रीत अशी. एका परक्यानं यायचं, लाडानं बोलवायचं आणि खाणं द्यायचं. त्या खाण्यात जिभेला झोंबणारं काहीतरी घातलेलं. कुत्र्यानं तोंड लावलं की धन्यानं लगेच पुढं व्हायचं, ठरलेला शब्द बोलायचा आणि आपल्या हातानं चांगलं खाणं द्यायचं. परक्याचं ते वाईट, आपल्याचं ते चांगलं. हेच जमिनीवर पडलेल्या खाण्याबद्दल. रोज, न चुकता.

परका म्हणून दिलावर तयार झाला. विष टाकणारे कारखान्याचे पहारेकरी असणार, म्हणून खाकी पाहिजे होती. ती मिळेना. दिलावरच्या चुलत्याची बँड पार्टी होती. तिथनं त्यानं लाल कोट आणला, पितळी बटणांचा, खांद्यावर सोनेरी झालर. तो घालून तो माळावर आला तेव्हा सगळी टोळी जमली.

"वरात कुणाची हो?" मुकादम म्हणाला.

"कुत्र्याची," दिलावर म्हणाला. "पाडव्याचा मुहूर्त हाय."

झोंबणारं म्हणून आम्ही लवंगी मिरचीचा ठेचा भाकरीत भरला होता. पुस्तकात मोहरीची पूड सांगितली होती, पण आम्ही कोल्हापूरचे. दिलावरनं यू यू करून बोलावलं, भाकरी धरली. भुऱ्यानं ती खाल्ली. ठेचा चाटून पुसून खाल्ला आणि आणखी आहे का म्हणून दिलावरच्या झालरीला नाक लावलं.

कौसा पोट धरून हसली. "आवो, रोज ठेचा-भाकरच खातंय की ते. दुसरं काय घालणार त्याला, बासुंदी?"

पुस्तक लिहिणाऱ्या त्या गोऱ्याला हा माळ कुठं माहीत होता. पण रीत चूक नव्हती, मसाला चूक होता. मी वर बघितलं. माळाच्या कडेला कडुनिंब कोवळ्या पानांनी लालसर झालेला. पाडव्याला आम्ही वर्षातून एकदा त्याचा एवढासा गोळा गूळ-जिरं घालून गिळतो, तोंड वाकडं करून. कौसानं पाट्यावर पाला वाटला, गुळाशिवाय, घट्ट. तो भाकरीत भरला.

भुऱ्यानं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. जीभ बाहेर काढून तो आमच्याकडं बघायला लागला, यांना झालंय काय अशा नजरेनं. "खा," म्हणून कौसानं आपल्या हातची कोरडी भाकरी पुढं केली. ती त्यानं खाल्ली.

मग रोज तेच. सकाळी गाड्या फडावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. बैलांच्या शेणाचा, मळीचा, पाचट जळल्याचा वास. कारखान्याचा भोंगा. कुठंतरी रेडिओवर बातम्या. वाटलेल्या पाल्यानं कौसाची बोटं हिरवी झालेली, आणि त्याच बोटांनी ती लेकराला घ्यायची, मग तेही कडू तोंड करायचं. तिनं एकदा विचारलं, "हे सगळ्यांच्या कुत्र्यांला शिकवायचं ना?" मी म्हटलं, शिकवू. दुसऱ्या कोपीतल्या दोघीतिघींनी करून बघितलं. पण दिवसभर तोडून आलेल्या माणसाला भाकरी खराब करायला हात होत नाही. एक म्हातारा म्हणाला, माणसाला पुरंना आन कुत्र्याला कडू करून टाकायची, ह्यो कसला खेळ. मी त्याला एक छोटं भाषण दिलं. तो उठून गेला.

चार-पाच दिवसांत भुऱ्या लाल कोट लांबून दिसला की तोंड फिरवायला लागला. आम्ही फुशारलो. मुकादमानं मजा म्हणून पांढऱ्या सदऱ्यात येऊन भाकरी टाकली. भुऱ्यानं ती गट्ट केली.

दिलावर कोटाची बटणं काढत खाली बसला. "म्हंजे आता बँडवाल्यानं विष घातलं तर ह्यो वाचतोय बग."

तिसऱ्या पुस्तकातल्या बाईनं हे लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. तुम्हाला काय शिकवायचं होतं ते कुत्रं शिकत नाही, तुम्ही जे शिकवलं ते शिकतं. त्यानं लाल रंग शिकला होता. मग आम्ही जो दिसेल त्याला धरून आणला. चहावाला, उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं न्यायला आलेले गवळी, बैलाला नाल मारणारा, मुकादम, मुकादमाची बायको. सगळ्यांच्या हातात कडू भाकरी. भुऱ्या एकेकाला ओळखत गेला. पाडव्याच्या आदल्या दिवशी तो कुणाच्याच हातचं घेईना, जमिनीवरचंही हुंगून मागं सरकायला लागला. फक्त कौसाचं खायचा, तेही "खा" म्हटल्यावर. आणि माझं.

माझं खायचा कारण मी त्याला कधी कडू दिलंच नव्हतं. मी आलो की तो चाकाखालून निघून माझ्या चपलेवर येऊन बसायचा. मी गुळाचा खडा खिशात ठेवायचो. पुस्तकात शेवटची कसोटी लिहिली होती. ओळखीच्या, लाडक्या माणसाच्या हातचंही कुत्र्यानं नाकारलं पाहिजे, नाहीतर सगळं शिक्षण फुकट. मी ते पान दोनतीनदा वाचलं. विष घालणारा शहाणा असला तर तो आधी ओळख करून घेणार, हे खरंच होतं. कॉलनीतली माणसं रोज माळावरून जायची-यायची.

कौसानं भाकरी भरून माझ्या हातात दिली. "तुमी बी?"

"मी बी."

"एक तर असू द्या की, मास्तर. एवढं लाडानं येतंय."

"एक राहिला तर त्या एकाच्या हातनं मरंल."

ती बाजूला झाली. मी खाली बसलो, वळून, पहिल्या प्रकरणात सांगितलं तसं. भुऱ्या आला. त्याचं शेपूट हलत होतं आणि यावेळी ते खुशीनंच हलत होतं, ते ओळखायला मला पुस्तक लागलं नाही. त्यानं माझ्या हातातला घास घेतला. थांबला. थुंकला. माझ्याकडं बघितलं. मग मी दुसरा दिला, आणि त्यानं तोही घेतला, कारण माझ्या हातचा होता. तिसराही घेतला. संध्याकाळी परत. पाडव्याच्या सकाळी, कोप्यांवर वेळूच्या काठ्यांना खण आणि साखरेच्या माळा बांधल्या होत्या तेव्हा, मी हात पुढं केला आणि त्यानं मान वळवून जांभई दिली.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी माळावर पोचलो तेव्हा भुंकणं नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी सायकल सरळ कोप्यांपर्यंत नेऊ शकलो. कुत्री पडलेली होती, कुणी उकिरड्यापाशी, कुणी पाटाच्या पाण्यात तोंड घालून, पाय ताठ झालेले. बाया कामाला गेल्या नव्हत्या. भाकरी कडू करायला नको म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर एक काळं पिल्लू होतं, तेही गेलेलं. मला बघून त्यानं पिल्लावर फडकं ओढलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कौसाच्या गाडीखाली झोळी हलत होती. झोळीखाली भुऱ्या. त्याच्या पुढच्या पायांपासून हातभर अंतरावर एक लाडू, चांगला तुपकट, गोल, सणाचा असावा तसा. त्याला मुंग्या लागून मेलेल्या. भुऱ्या त्याच्याकडं बघतही नव्हता.

मी चौकीत तक्रार द्यायला गेलो. हवालदारानं विचारलं, मालकाचा पत्ता काय. मी म्हटलं, कोपी. "कोपीला नंबर असतोय व्हय?" तो म्हणाला. मग मी पत्रक लिहिलं, आजवरचं सगळ्यात जहाल. आण्णा म्हणाले, सुंदर उतरलंय, पण कुत्र्यांपेक्षा किमान वेतनावर भर दे. दिलावरनं मुकाट्यानं छापलं. माझ्या आठवणीत तेवढ्या एका खेपेला तो खिळे जुळवताना बोलला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नळ आला, पण दुसऱ्या बाजूला, कॉलनीच्या. शाळेचा ठराव झाला. मी अजून पत्रकं लिहितो. माझ्या मागून आलेली पोरं माझ्यापेक्षा जोरात ओरडतात आणि मला म्हणतात, तुमचा आवाज बसलाय. बसलाय खरा. कुठल्या सभेत कुणी जांभई दिली तर मी बोलणं थांबवून विचारतो, काय अवघड झालं? आण्णांना हे पटत नाही. "सगळ्यांसाठी लढायचं सोडून तू एकेकाला विचारत बसतोस. एका कुत्र्यानं कुठं दुनिया बदलती व्हय?" नाही बदलत. ते बरोबरच बोलतात. माळभर कुत्री होती आणि एक राहिलं. लाल पुठ्ठ्यांची पुस्तकं मला सांगायची, सगळ्यांना वाचवायचं आहे. ही तीन पुस्तकं तसं काही सांगत नाहीत. ती म्हणतात, उद्या परत ये. तेच कर. आवाज चढवू नकोस. मी थकलो की लाल पुस्तकं उघडवत नाहीत, ही उघडवतात. एवढाच त्यांचा मोठेपणा मला सांगता येतो.

हंगाम संपला त्या दिवशी भोंगा वाजला नाही. गाड्या भरल्या गेल्या. भांडी, कोंबड्या, पाचटातून काढून घेतलेली ताडपत्री. पत्रकं फटीत तशीच राहिली. मी निरोप द्यायला गेलो होतो, खिशात सवयीनं गुळाचा खडा. कौसा गाडीवर बसलेली, मांडीवर लेकरू. भुऱ्या आसाखाली, आपल्या सावलीच्या जागेवर, निघायला तयार. एवढ्या गाड्यांत तेवढ्या एका गाडीखाली सावलीत कुणीतरी होतं.

मी खाली बसलो. वळून. गूळ तळहातावर धरला. त्याला आता शिकवायचं काही राहिलं नव्हतं, गूळ नुसता गूळ होता.

भुऱ्यानं माझ्याकडं बघितलं. शेपूट एकदा हललं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि चाकाच्या पलीकडं बघत बसला.

गाडीवरनं कौसानं हात खाली केला. मी खडा तिच्या हातात दिला. तिनं वाकून तो खाली धरला आणि म्हणाली, "खा." त्यानं खाल्ला.

"शिकलं की ओ मास्तर," ती म्हणाली. "पार शिकलं."

बैलांनी ओढ घेतली आणि गाडी हलली.